उतरताना ओल्या मोज्यांचा वास आला, मग पुढे काय?

ऐरोलीच्या एका ताईंनी विचारलं आहे. त्यांची लेक काही महिन्यांपूर्वी केबिन क्रू म्हणून लागली. मागच्या आठवड्यात विमान खाली उतरू लागलं तेव्हा मागच्या गॅलीत, म्हणजे विमानातल्या छोट्या स्वयंपाकघरात, ओल्या, कुबट मोज्यांसारखा वास सुटला आणि पाच-सात मिनिटांत गेला. तिचं आणि सोबतच्या मुलीचं डोकं दुखायला लागलं, घशात खवखव झाली. सीनिअर म्हणाली, "होतं गं असं, एसीचा वास आहे." लेकीने घरी आल्यावर आईला सांगितलं आणि आईला आता तीन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. हे विषारी असतं का? ऑक्सिजनचे मास्क का पाडले नाहीत? आणि मुलीने रिपोर्ट लिहिला तर तिच्या नोकरीवर येईल का?

ताई, मी बरीच वर्षं केबिनमध्ये काढली आणि आता क्रूला सेफ्टी शिकवते. खारघरला राहते. उलव्याचं विमानतळ २५ डिसेंबर २०२५ ला सुरू झालं, तेव्हापासून आपल्या भागातल्या आयांचे असे प्रश्न माझ्याकडे जास्त येतात. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: रिपोर्ट लिहायचाच. का, ते समजायला विमानात हवा कुठून येते ते आधी बघावं लागेल.

आज उडणाऱ्या बहुतेक प्रवासी विमानांत केबिनची हवा इंजिनातून येते. घाबरू नका, जळलेला धूर नव्हे. इंजिनात इंधन पेटण्याआधी बाहेरची हवा कॉम्प्रेसरमध्ये दाबली जाते, तिथूनच थोडी बाजूला काढून घेतात. तिला ब्लीड एअर म्हणतात. ती खूप गरम असते, म्हणून पॅक नावाच्या यंत्रणेत थंड करून केबिनमध्ये सोडतात. जमिनीवर इंजिनं बंद असताना हेच काम शेपटीतलं छोटं इंजिन करतं, त्याला एपीयू म्हणतात. केबिनमधली साधारण निम्मी हवा फिल्टरमधून फिरवून पुन्हा वापरली जाते. हे हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे कण ९९.९७ टक्के अडवतात, त्यामुळे जंतूंच्या बाबतीत केबिनची हवा पुष्कळ स्वच्छ असते. पण वायू आणि वाफ त्यांतून सरळ पार होते. "आमच्याकडे हेपा आहे" हे वासाच्या तक्रारीवरचं उत्तर होऊ शकत नाही. बोइंग ७८७ मध्ये मात्र केबिनसाठी वेगळे विजेवर चालणारे कॉम्प्रेसर आहेत, तिथे इंजिनाच्या तेलाची ही वाट बंद आहे.

आता मोज्यांचा वास. इंजिनाच्या बेअरिंगना तेल लागतं आणि ते तेल हवेच्या वाटेत जाऊ नये म्हणून सील असतात. यातले पुष्कळ सील हवेच्या दाबावरच घट्ट राहतात. इंजिन सुरू होताना, टेकऑफला पॉवर वाढवताना किंवा उतरायला लागल्यावर पॉवर एकदम कमी करताना दाब बदलतो आणि सील झिजलेला असेल तर थोडं तेल हवेत जातं. गरम हवेत ते तापतं, त्याची वाफ पॅकमधून केबिनमध्ये येते. म्हणून तुमच्या लेकीने सांगितलेली वेळ, उतरायला सुरुवात, मला सगळ्यात महत्त्वाची वाटली. ओले मोजे, भिजलेला कुत्रा, कुबट कपडे, क्रू असंच वर्णन करतात, कारण तापलेल्या सिंथेटिक तेलातून आंबूस वासाची सेंद्रिय आम्लं सुटतात.

इतर वासही ओळखता आले पाहिजेत. हायड्रॉलिक तेलाचा वास उग्र असतो, डोळ्यांत झोंबतो. ते शेपटीकडे झिरपलं तर एपीयू आत ओढून घेतो. टॅक्सी करताना, म्हणजे विमान जमिनीवर धावपट्टीकडे सरकताना, रॉकेलसारखा वास आला तर बहुतेक वेळा पुढच्या विमानाचा धूर असतो आणि रांग हलली की जातो. इंजिन धुतल्यानंतरच्या पहिल्या फ्लाइटला साबणासारखा किंवा रसायनासारखा वास येऊ शकतो. ओव्हनमध्ये सांडलेलं तूप-तेल जळतं तो वास कोणालाही कळतो. जळक्या वायरचा तिखट वास मात्र एकदा घेतला की विसरत नाही आणि तो आला की कोणाच्या परवानगीची वाट बघायची नसते. कोकणात जाणाऱ्या पाहुण्याच्या पिशवीतल्या सुक्या बोंबलांवरून एकदा आख्खी मागची केबिन हुंगत फिरलेली मी पाहिली आहे, तेही काम क्रूचंच.

पावसाळ्यात मुंबईकडच्या विमानांत बोर्डिंगच्या वेळी छताजवळच्या फटींतून पांढरा धूर निघताना दिसतो आणि कोणीतरी मोबाइलवर व्हिडिओ काढायला लागतं. ते धुकं असतं. दमट हवेत थंड हवा मिसळली की तयार होतं. त्याला वास नसतो, हाताला गार लागतं आणि खाली उतरता उतरता विरतं. एवढं प्रवाशाला शांतपणे सांगितलं की पुरतं.

आता खऱ्या मुद्द्यावर येते. वासाची अडचण ही आहे की तो राहत नाही. रबाळे, महापे, तुर्भे पट्ट्यातल्या कारखान्यांचा वास रात्री येतो म्हणून वाशी-कोपरखैरण्याचे लोक वर्षानुवर्षं तक्रार करतात आणि सकाळी अधिकारी येतो तेव्हा हवा स्वच्छ असते. विमानात तेच, फक्त आणखी झटपट. केबिनची हवा तासाला वीस-तीस वेळा बदलते. विमान गेटला लागेपर्यंत वास गेलेला, इंजिनिअर आत येतो, नाक वर करून हुंगतो, "काही नाही मॅडम." शिवाय नाक थकतं. काही मिनिटं त्याच वासात राहिलं की तो जाणवेनासा होतो, तो कमी झाला म्हणून नव्हे. त्यामुळे गॅलीत उभ्या असलेल्या मुलीला वास येत नाही आणि पुढून आलेल्या मुलीला येतो, तेव्हा पुढून आलेलीचं खरं मानायचं. मी शिकवताना सांगते, जिला शंका आहे तिने दोन मिनिटं दुसऱ्या टोकाला जाऊन परत यावं.

आणि वाट न बघता कॉकपिटला इंटरफोन करायचा. टेकऑफ-लँडिंगच्या वेळी कॉकपिटला फोन करायचा नाही हा नियम असतो, पण धूर, आग किंवा वास हा त्याला अपवाद आहे. नव्या मुली इथे अडखळतात. फोनवर कारण सांगायचं नाही, जे जाणवतं ते सांगायचं. "एसीचा वास आहे" या वाक्यात पायलटला काहीच मिळत नाही, उलट त्याची दिशाभूल होते. "रांग अठरा ते चोवीस, डावीकडच्या व्हेंटमधून, ओल्या मोज्यांसारखा, उतरायला लागल्यापासून, वाढतोय, धूर दिसत नाही, दोन क्रूचं डोकं दुखतंय" एवढं बोललं की त्याच्या हाती काम येतं. पुष्कळ विमानांत कॉकपिटला मुख्यतः एका पॅककडून हवा जाते आणि केबिनला दुसऱ्याकडून, म्हणून वास कुठे जास्त आहे हे कळलं तर आधी काय बंद करायचं ते ठरवता येतं.

कॉकपिटच्या दाराआड काय होतं हे क्रूला माहीत असेल तर भीती कमी होते. पायलट पहिल्यांदा स्वतःचा ऑक्सिजन मास्क लावतात, शंभर टक्के ऑक्सिजनवर. हा मास्क एका हाताने पाच सेकंदांत लागेल असा केलेला असतो. तो लावला की त्यांचा आवाज घोगरा येतो, मधे श्वासाची फुसफुस ऐकू येते. त्याने दचकू नका, उलट ती चांगली खूण आहे. मग ते चेकलिस्ट काढतात: हवा पुन्हा फिरवणारे पंखे बंद, गॅलीची वीज बंद, एपीयूची हवा बंद, आधी एक पॅक बंद करून बघायचा, फरक नाही पडला तर तो चालू करून दुसरा. गॅलीची वीज एकदम गेली की मुली गडबडतात, पण ती पायलटनेच मुद्दाम घालवलेली असते. धूर दिसत असेल आणि उगम सापडत नसेल तर जवळच्या विमानतळाकडे वळायचं. धूर बाहेर काढायला विमान दहा हजार फुटांपर्यंत खाली आणून बाहेरची हवा आत घेतात.

घाई का, हे सांगायला मी वर्गात नेहमी एकच उदाहरण देते. २ सप्टेंबर १९९८ च्या रात्री न्यूयॉर्कहून जिनिव्हाला निघालेल्या स्विसएअर १११ च्या कॉकपिटमध्ये पायलटांना वास आला. विमान होतं एमडी-११. आधी त्यांना ते एअर कंडिशनिंगचं वाटलं. वास आल्यापासून सुमारे एकवीस मिनिटांनी ते कॅनडाच्या हॅलिफॅक्सजवळ समुद्रात कोसळलं, २२९ माणसं गेली. आग छतावरच्या इन्सुलेशनमध्ये, वायरिंगजवळ लागली होती. "एसीचा वास आहे" हे वाक्य मला का खुपतं, ते तुमच्या लक्षात आलं असेल.

आता मास्क. प्रवाशांच्या डोक्यावर पडणारे पिवळे मास्क हवेचा दाब गेला तर जीव वाचवायला असतात, धुरासाठी नव्हे. केबिनमधला दाब सुमारे चौदा हजार फुटांच्या उंचीवरच्या हवेइतका उतरला की ते आपोआप पडतात. त्यांत ऑक्सिजनबरोबर केबिनची हवाही मिसळते, म्हणजे धूर असेल तर तोही श्वासात जातो. बहुतेक विमानांत हा ऑक्सिजन रासायनिक डब्यांतून येतो, सुमारे पंधरा मिनिटं पुरतो, डबे कमालीचे तापतात आणि आग असेल तर ऑक्सिजन तिला पोसतो. म्हणून नुसत्या वासावर किंवा धुरावर मास्क पाडत नाहीत. तुमच्या लेकीच्या क्रूने तिथे काही चूक केली नाही. प्रवाशांना त्या भागातून हलवायचं, खाली वाकायला सांगायचं, नाका-तोंडावर ओलं कापड धरायला द्यायचं. ओल्या कापडाने कार्बन मोनॉक्साइड अडत नाही, पण काजळी आणि पाण्यात विरघळणारे काही त्रासदायक वायू बऱ्यापैकी अडतात. कोणाला दम लागला तर आग नाही याची खात्री करून छोट्या सिलिंडरचा ऑक्सिजन देता येतो.

क्रूसाठी वेगळं असतं: पीबीई, म्हणजे डोक्यावरून ओढायची धूररोधक टोपी. साधारण पंधरा मिनिटं पुरते. ट्रेनिंगमध्ये ती घालून बघितलेली असते, पण घाईत गळ्याच्या रबरी पट्टीत अंबाडा अडकतो किंवा केसांची बट बाहेर राहते आणि मग धूर आत शिरतो. आत घुसमटल्यासारखं वाटतं, बोलणं बाहेर नीट ऐकू जात नाही, म्हणून खुणा आधी ठरवाव्या लागतात. काढायची ती आगीपासून लांब जाऊन, आणि काढल्यावर केस झटकायचे, कारण त्यांत ऑक्सिजन भरलेला असतो. २३ डिसेंबर २०२४ ला बुखारेस्टहून झुरिकला जाणाऱ्या स्विसच्या एअरबस ए-२२० मध्ये इंजिनातल्या बिघाडाने केबिन धुराने भरली. विमान ऑस्ट्रियात ग्राट्सला उतरवलं, प्रवाशांना बाहेर काढलं, पण केबिन क्रूपैकी एक तरुण काही दिवसांनी रुग्णालयात मरण पावला. पुढे चौकशीत या टोप्यांकडेही लक्ष गेलं. ती फ्लाइटआधी तपासायची म्हणजे फक्त जागेवर आहे का एवढंच बघायचं नाही, सील शाबूत आहे ना तेही बघायचं, हे मी तेव्हापासून जास्त ठासून सांगते.

एका गोष्टीवर थोडं थांबते, कारण तुमची लेक तिला रोज सामोरी जाणार आहे. लिथियम बॅटरी. पॉवर बँक फुगली की आधी गोडसर, नेल पॉलिश रिमूव्हरसारखा वास येतो, मग फुसफुस, मग धूर. जानेवारी २०२५ मध्ये दक्षिण कोरियात एअर बुसानचं ए-३२१ उड्डाणाआधीच पेटलं, सगळे वाचले, संशय पॉवर बँकेवर होता. ज्वाळा असेल तर हॅलॉनने, म्हणजे विमानातल्या आग विझवायच्या वायूने, विझवायची आणि मग पाणी, भरपूर पाणी किंवा दारू नसलेलं कुठलंही पेय ओतून थंड करायची. बर्फ लावायचा नाही, तो उष्णता आत कोंडतो. बॅगेची चेन उघडून डोकावायचं नाही. १०० वॉट-अवरपर्यंतची पॉवर बँक हातातल्या बॅगेत नेता येते, चेक-इनच्या बॅगेत अजिबात नाही. २०,००० एमएएचची साधारण ७४ वॉट-अवर भरते. पण ठाण्याच्या स्टेशनबाहेर मिळणाऱ्या स्वस्त पॉवर बँकेवर छापलेल्या आकड्यावर माझा विश्वास नाही, तुम्हीही ठेवू नका.

आता "विषारी असतं का" याचं सरळ उत्तर. इंजिनाच्या तेलात झीज कमी करायला ट्रायक्रेसिल फॉस्फेट घालतात, थोडक्या टक्क्यांत. त्याचा ऑर्थो हा प्रकार मज्जातंतूंना बाधतो. १९३० साली अमेरिकेत भेसळीच्या पेयातून हजारो लोकांचे पाय लुळे पडले ते याच्यामुळे. आजच्या तेलात तो प्रकार अत्यल्प ठेवलेला असतो. पण तेल तापलं की कार्बन मोनॉक्साइड आणि इतर त्रासदायक वायूही सुटू शकतात. डोकेदुखी, मळमळ, डोळे चुरचुरणं, हातापायांना मुंग्या, विचार करायला जड जाणं अशा तक्रारी क्रूकडून येतात आणि त्या खऱ्या असतात. वर्षानुवर्षांच्या संपर्काचा दीर्घकाळ काय परिणाम होतो यावर तज्ज्ञांत वाद आहे, त्याला अजून मान्य आजाराचं नाव नाही. त्यामुळे कोणी "काहीच होत नाही" म्हणालं किंवा "आयुष्याचं वाटोळं होतं" म्हणालं, तर दोघांचंही पूर्ण ऐकू नका. एकदा आलेल्या थोड्या वेळाच्या वासानंतर बहुतेकांना एक-दोन दिवसांत बरं वाटतं.

तरी पुढच्या वेळी काय करायचं ते आत्ताच ठरवून ठेवा. त्रास झाला असेल तर घरी येऊन झोपायचं नाही, विमानतळावरून सरळ रुग्णालयात जायचं आणि रक्तातलं कार्बोक्सिहिमोग्लोबिन, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं हिमोग्लोबिन, तपासायला सांगायचं. ते साध्या हवेत चार-पाच तासांत निम्मं होतं, म्हणून दुसऱ्या दिवशी तपासून उपयोग नाही. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर इथे फसवतो, रक्तात कार्बन मोनॉक्साइड असलं तरी तो ९८ दाखवतो. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना नुसतं "डोकं दुखतंय" सांगितलं तर ते ॲसिडिटीची गोळी देतील, त्यात त्यांचा दोष नाही. त्यांना "विमानात तेलाच्या वाफेचा संपर्क झाला" असं स्पष्ट सांगायचं. आणि त्या रात्री स्कूटीवरून पाम बीच रोडने घरी यायचं नाही, कंपनीची गाडी घ्यायची. चक्कर सांगून येत नाही.

आणि रिपोर्ट. लीड क्रूने कॅप्टनला सांगून विमानाच्या लॉगमध्ये नोंद करायला हवी होती. नोंद नसली की इंजिनिअरला काही तपासायला कारणच राहत नाही. नोंद असली तर तो तेल किती खर्च झालं ते बघतो, एपीयूच्या तोंडाशी ओल आहे का बघतो, पॅक तापवून साफ करतो. नसली तर तेच विमान अर्ध्या-पाऊण तासात पुढच्या सेक्टरला, म्हणजे पुढच्या फेरीला, निघतं आणि दुसऱ्या कोणाच्या तरी लेकीला तोच वास येतो. सीनिअर मुद्दाम लपवत होती असं मी म्हणणार नाही. चार सेक्टरचा दिवस, उशीर झाला तर सगळीकडून विचारणा, विमान उभं राहिलं तर त्याचं खापर कोणावर, हे सगळं तिच्या डोक्यात असतं. पण हे तिच्या मर्जीवर सोडायची गोष्ट नाही. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने २०१५ साली क्रूच्या याच प्रशिक्षणावर आणि नोंदींवर स्वतंत्र मार्गदर्शिका काढली. केबिनमधला धूर आणि पायलटला ऑक्सिजन वापरावा लागणं या दोन्ही गोष्टी गंभीर घटनांच्या उदाहरणांत मोडतात. कंपनीच्या सेफ्टी विभागात रिपोर्ट देता येतो आणि डीजीसीए या विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेकडे स्वेच्छेने कळवायचीही सोय आहे.

नोकरीवर येतं का? रिपोर्ट लिहिला म्हणून शिक्षा करावी असा कुठला नियम नाही, उलट लपवणं अडचणीचं ठरू शकतं. एखादी सीनिअर चार दिवस तोंड फिरवेल, तेवढं सोसावं लागेल. मात्र तिने अंदाज लिहू नये. "तेल गळत होतं" असं नव्हे, "अमुक वेळी, उतरायला लागल्यावर, मागच्या गॅलीत, असा वास, इतकी मिनिटं, मला हा त्रास, कोणाला सांगितलं, काय उत्तर मिळालं" एवढंच. तारीख, फ्लाइट नंबर आणि विमानाची व्हीटीने सुरू होणारी नोंदणी लिहायला विसरू नये, कारण फ्लाइट नंबर रोज वेगळ्या विमानाला मिळतो आणि गळका सील मात्र त्याच विमानात राहतो. आठवडा उलटला म्हणून सोडून देऊ नका, आज लिहिला तरी सेफ्टी विभागाला मागच्या-पुढच्या नोंदींशी जुळवून बघता येतो. प्रत जवळ ठेवायची. आणि सोबतच्या मुलीनेही स्वतःचा वेगळा लिहावा, हिचा वाचून नव्हे.